नटाने आवाजाची कामे कशी करावीत आणि जाहीर आवाहनांना आवाज कधी द्यावा

पुण्यातील प्रायोगिक रंगभूमीवर काही वर्षे काम केलेल्या एका तरुण अभिनेत्रीने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पुण्यातच राहून डबिंग, श्राव्यपुस्तके, आकाशवाणी, निवेदन अशा आवाजाच्या कामांवर नटाचे घर चालू शकते का, हा पहिला प्रश्न आहे. नेत्रदानासारख्या मोहिमेने आवाज मागितला तर तो द्यावा का आणि जाहीरपणे बाजू घेतल्यामुळे पुढची कामे जातात का, हा दुसरा. मी ही दोन्ही प्रकारची कामे बरीच वर्षे करत आले आहे आणि ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, असे माझे मत झाले आहे. भूमिकेत तुमचा आवाज पात्राला बांधलेला असतो, तर जाहीर आवाहनात तो ऐकणाऱ्याला बांधलेला असतो. तयारी दोन्हीकडे सारखीच लागते, पण आवाहनात काही चुकीचे बोलले गेले तर त्याची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून भूमिका स्वीकारताना फार घोळ घालू नये आणि आवाहन स्वीकारताना मुळीच घाई करू नये.

पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, केवळ डबिंगवर पुण्यात घर चालणार नाही. परदेशी आणि दाक्षिणात्य चित्रपट-मालिकांच्या डबिंगचा मोठा भाग मुंबईत होतो आणि तिथे बोलावणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असावे लागते. पुण्यात मिळणारी कामे वेगळ्या जातीची आहेत. त्यांत शैक्षणिक ध्वनिफिती, कारखान्यांचे प्रशिक्षणपट, माहितीपटांचे निवेदन, फोनवरच्या सूचना आणि श्राव्यपुस्तके यांचा समावेश होतो. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे श्राव्यपुस्तकांचे ॲप भारतात आले आणि त्यानंतर मराठी श्राव्यपुस्तकांच्या कामाला खरी गती मिळाली. पुण्यातील अनेक रंगकर्मींचा अभिवाचनाचा जुना सराव तेव्हा उपयोगी पडला. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 पासून सुरू आहे. तिथल्या नाट्यविभागाची ऑडिशन देऊन श्रेणी मिळवण्याचा सल्ला मी आजही प्रत्येक तरुण नटाला देते. मानधन मोठे नसते, परंतु चेहऱ्याचा कोणताही आधार नसताना पात्र उभे करण्याची शिस्त तिथे लागते आणि ती पुढे सगळीकडे पुरते.

भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची सवय असलेल्या नटाला मायक्रोफोनसमोर जी पहिली अडचण येते, ती आवाजाच्या जोरापेक्षा श्वासाची असते. तोंड आणि मायक्रोफोन यांच्यात वीतभर अंतर असते आणि रंगमंचावर कोणाच्या लक्षातही न येणारा तुमचा प्रत्येक श्वास, ओठ सुटण्याची टिचकी, गिळलेला आवंढा, सगळे काही नोंदले जाते. त्यातून मराठीत महाप्राण व्यंजने विपुल आहेत. फ, भ, ख, ध उच्चारताना निघणारा हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळला की धप्प असा आवाज होतो. पॉप फिल्टर, म्हणजे मायक्रोफोनसमोर लावलेली जाळी, तो काही अंशी अडवतो, पण तोंडाची रेषा मायक्रोफोनच्या किंचित बाजूला ठेवणे आणि महाप्राण सौम्यपणे सोडणे हाच टिकाऊ उपाय आहे. पाय जागेवर ठेवून उरलेल्या शरीराने पूर्ण अभिनय करावा. हात बांधून, मान खाली घालून वाचणाऱ्या नटाचा आवाजही बांधलेलाच राहतो. मात्र काचेच्या बांगड्या आणि खळ दिलेली कडक सुती साडी घरी ठेवून यावे, कारण त्या दोन्हींचा आवाज संवादात उतरतो.

डबिंगची खरी परीक्षा ओठांशी असते. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात, म्हणून पडद्यावर ओठ मिटलेले दिसतात त्या क्षणी तुमच्या वाक्यात यांपैकी एखादा वर्ण आलेला बरा, हे संवादलेखक पाहतोच. पण दुसरी एक अडचण लेखकाला पूर्णपणे सोडवता येत नाही आणि ती नटावर येऊन पडते. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ या वाक्यात नकार अगदी शेवटी येतो, तर मूळ इंग्रजी बोलणाऱ्या नटाची मान पहिल्या दोन-तीन शब्दांतच हललेली असते. अशा वेळी ‘नाही’ची वाट पाहत बसलात तर चेहरा एक सांगतो आणि आवाज दुसरे सांगतो. नकार ‘मी’ या अक्षरापासूनच आवाजात असावा लागतो. ज्यांना हे साधते त्यांच्या कामात ओठ किंचित मागेपुढे झाले तरी प्रेक्षकाला खटकत नाही, आणि ज्यांना साधत नाही त्यांचे ओठ तंतोतंत जुळूनही दृश्य खोटे वाटते.

श्राव्यपुस्तकाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण पुण्यातील नटाची रोजीरोटी तिथे अधिक आहे. ऐकायला एक तास लागणाऱ्या मजकुरासाठी सरावलेल्या वाचकालाही स्टुडिओत साधारण दोन ते तीन तास बसावे लागते, शिवाय आधी संपूर्ण पुस्तक वाचून काढण्याचा वेळ वेगळा. मानधन बहुधा तयार ध्वनिफितीच्या तासावर ठरते, स्टुडिओतल्या तासांवर नव्हे, हे आधी विचारून घ्यावे. प्रत्येक पात्राला निराळा आवाज काढण्याचा मोह टाळावा. सहाशे पानांच्या कादंबरीत तो टिकत नाही, आणि मुख्य म्हणजे निवेदकाचा सूर हरवला की लेखकही हरवतो. पात्रांत फरक करायचा तो लयीने आणि विरामाने करावा, आणि कोणते पात्र कसे बोलते याची वही ठेवावी, म्हणजे आठ दिवसांनी पुढचे प्रकरण वाचताना आदल्या सुराशी नाते राहते.

इथे पुण्याच्या नटांना उद्देशून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपण प्रमाण मराठी सहज बोलतो म्हणून वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारे पात्र वाचताना आपल्यापैकी अनेकजण एकच ठरावीक ‘गावरान’ हेल लावतात, आणि तो हेल महाराष्ट्रातल्या कोणत्याच गावात बोलला जात नाही. ज्याची भाषा ती आहे त्या श्रोत्याला हे ऐकताना आपली टिंगल होत असल्यासारखे वाटते, आणि त्याचे वाटणे बरोबर आहे. त्या भागातल्या माणसाकडून संवाद वाचून घ्यावेत, त्याच्या वाक्याचा चढउतार कानात साठवावा, आणि तरीही जमत नसेल तर निर्मात्याला त्या भागातला कलाकार सुचवावा. काम सोडणे जड जाते हे मला मान्य आहे. तरीही दुसऱ्याच्या बोलीचा मान राखणे हा माझ्या दृष्टीने या व्यवसायातला पहिला सामाजिक आग्रह आहे, आणि त्यासाठी कोणत्याही व्यासपीठावर जावे लागत नाही.

आवाजाच्या प्रकृतीविषयी थोडक्यात सांगते. मारामारी, किंकाळ्या, गर्दीचा गलका हे सत्राच्या शेवटी ठेवण्याची विनंती दिग्दर्शकाला आधीच करावी. घसा बसला असताना कुजबुजत बोलू नये, त्याने स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. सरळ मौन पाळावे. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा राहिला तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी.

आता दुसरा प्रश्न. माझ्यासाठी आवाजाचे काम आणि सामाजिक काम यांचा सांधा दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके वाचताना जुळला. भारतात 2012 साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची वापरता येण्याजोगी आवृत्ती तयार करण्याला सूट मिळाली. पुढे दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ करणाऱ्या 2013 च्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला संमतीपत्र देणारा भारत हा पहिला देश ठरला, ही आपल्याकडे फारशी सांगितली न जाणारी पण अभिमानाची गोष्ट आहे. कायद्याने दार उघडले, तरी वाचणारा माणूस लागतोच. या वाचनाचे नियम व्यावसायिक श्राव्यपुस्तकाच्या अगदी उलट आहेत. पार्श्वसंगीत नको, भावनेचा भार कमी हवा, पृष्ठक्रमांक आणि शीर्षके स्पष्ट सांगायला हवीत, तक्ता किंवा आलेख आला तर त्यातली माहिती क्रमाने वाचायला हवी. अनेक दृष्टिहीन विद्यार्थी ध्वनिफीत दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, आणि नाट्यमय विराम त्या वेगात अर्थहीन होतात. अशाच एका विद्यार्थिनीने मला नम्रपणे सुचवले की, इतिहासाच्या पुस्तकातल्या करुण प्रसंगी मी आवाज दाटून आणू नये, वाईट वाटायचे की नाही ते तिचे ती ठरवील. त्या सूचनेनंतर मी ज्यांच्यासाठी बोलायचे आहे त्यांना आधी विचारून घेण्याचा नियम सर्वच मोहिमांना लावला. ज्या बैठकीत दृष्टिहीन माणूस नाही त्या बैठकीत दृष्टिहीनांसाठीचे आवाहन ठरत असेल, तर मी तिथे आधी एका खुर्चीची मागणी करते.

याच कामामुळे यंत्रनिर्मित आवाजाकडे पाहण्याची माझी दृष्टी काही सहकाऱ्यांहून थोडी निराळी आहे. संगणक मजकूर वाचून दाखवतो ही दृष्टिहीन वाचकासाठी मोठी मुभा आहे. कोणी स्वयंसेवक मोकळा होईपर्यंत त्याला परीक्षेचे पुस्तक घेऊन थांबावे लागत नाही. मराठीत असे चांगले आवाज अधिक व्हावेत असे मला मनापासून वाटते. माझी हरकत आवाज तयार होण्याला नाही, विचारल्यावाचून घेतला जाण्याला आहे. अमेरिकेत व्हिडिओ गेममध्ये आवाज देणारे कलाकार 2024 च्या जुलैत याच मुद्द्यावर संपावर गेले आणि तो संप जवळजवळ अकरा महिने चालला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम मनाई दिली आणि आवाज हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भाग मानला. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षांचा आहे, शिवाय सादरीकरणाची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावला गेल्यास दाद मागण्याचा हक्कही 2012 च्या दुरुस्तीने मिळाला आहे. पण करारावर सही करताना या हक्कांपैकी बरेच काही आपणच देऊन टाकू शकतो. म्हणून ‘सध्या ज्ञात असलेल्या किंवा पुढे विकसित होणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञानात, कायमस्वरूपी’ अशा अर्थाचे वाक्य दिसले की थांबावे. ध्वनिमुद्रण कोणत्या कामासाठी, कोणत्या माध्यमात, किती काळासाठी आहे हे लिहून घ्यावे, आणि आवाजावर यंत्र शिकवायचे असेल तर त्याला स्वतंत्र लेखी संमती व स्वतंत्र मानधन लागेल असे एक वाक्य घालण्याचा आग्रह धरावा. नवख्या कलाकाराला हे मागायला संकोच वाटतो. परंतु सर्वांनी मागितले तरच ते मागणे सर्वसामान्य होईल, म्हणून ज्यांचे नाव झाले आहे त्यांनी आधी मागितले पाहिजे. असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया ही संस्था या प्रश्नावर बोलते आहे. पुण्यातील कलाकारांनी तिच्याशी जोडून घ्यावे असे मी सुचवीन.

नेत्रदानाच्या मोहिमेविषयी तुम्ही नेमके विचारले आहे. आवाज जरूर द्या, पण संहिता हातात आल्यावर आधी एखाद्या नेत्रपेढीत जाऊन बसा. ‘मृत्यूनंतर डोळे दान करा आणि अंधांना दृष्टी द्या’ हे वाक्य कानाला चांगले लागते, परंतु त्यात जेवढे सांगितले आहे तेवढे खरे नाही. रोपण होते ते पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, आणि त्याचा उपयोग ज्यांची दृष्टी पारपटलाच्या विकारामुळे गेली आहे त्यांनाच होतो. दृष्टिपटल किंवा डोळ्याची नस निकामी झालेल्या माणसाला त्याने काही लाभ नाही. एका गणेशोत्सवातल्या कार्यक्रमानंतर एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली आणि यादीत नाव घालायचे कसे, ते तिने विचारले. मुलीचे कागद पाहिले तर आजार नसेचा होता. मी नेत्रतज्ज्ञांशी आधी बोललेली होते, त्यामुळे तिला खोटी आशा न लावता कोणाकडे दाखवायचे आणि शाळेसाठी कोठे चौकशी करायची एवढे तरी सांगू शकले. पण ती व्यासपीठावरून उतरलेल्या माणसाकडे आली होती, डॉक्टरकडे नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते. आवाहन करणाऱ्याकडे लोक अशाच विश्वासाने येतात.

म्हणून संहितेत काय हवे ते मी आग्रहाने मागते. पारपटल मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागते. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही, मात्र रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी व सी अशा काही आजारांत दान घेतले जात नाही, आणि त्याचा निर्णय नेत्रपेढी घेते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्ज भरला असला तरी प्रत्यक्ष वेळी संमती नातेवाइकांचीच लागते, म्हणून आपली इच्छा घरात बोलून ठेवावी लागते. पंखा आणि ओला कापूस ही गोष्ट तीस सेकंदांच्या आवाहनात काव्यात्म ओळीपेक्षा अधिक उपयोगाची आहे, कारण दुःखात बुडालेल्या घरात शेजारच्या एखाद्याला तेवढेच आठवते आणि तेवढ्याने पारपटल वाचते. अशा वाक्यांना आवाजही साधा लागतो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगावे तसा.

कामे जातात का? काही जातात. विसर्जन मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींविरुद्धच्या निवेदनावर मी सही केली, त्यावर जाहीर बोलले, आणि त्यानंतर एका जाहिरातदाराने ठरलेले काम कोणतेही कारण न देता काढून घेतले. गणपती आपल्याकडे घराघरांत आहे आणि उत्सवाला माझा विरोध कधीच नव्हता. परंतु 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, तर कानांच्या दृष्टीने आठ तासांसाठी 85 डेसिबल ही वरची सीमा मानली जाते आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला ती मुदत निम्मी होते. लक्ष्मी रस्त्यावरच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभ्या असलेल्या पोलिसाच्या आणि ढोलपथकातल्या मुलीच्या कानांविषयी, ज्याचे पोट ऐकण्या-बोलण्यावर आहे अशा नटाने बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे? गेलेल्या कामाचे मला वाईट वाटले, पण सही मागे घ्यावी असे वाटले नाही. घरचे गणित सांभाळण्यासाठी माझा उपाय साधा आहे. एकाच ग्राहकावर महिन्याचा खर्च अवलंबून ठेवायचा नाही आणि जाहीर मते मांडण्यावर बंधन घालणारे कलम करारात असेल तर ते सहीपूर्वी वाचून त्यावर बोलायचे.

पुण्यात याची परंपरा आहे. डॉ. श्रीराम लागू हे स्वतः कान-नाक-घसा तज्ज्ञ होते आणि 1969 पासून पूर्णवेळ नट झाले. त्यांनी आणि निळू फुले यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग केले आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून पैसा उभा केला. मला त्यात मोलाचे वाटते ते असे की, जे काम त्यांना उत्तम येत होते तेच त्यांनी चळवळीला दिले, आणि मते मांडायची वेळ आली तेव्हा ती पात्राच्या आडून न मांडता स्वतःच्या नावाने मांडली. प्रत्येक महिन्याला नवी मोहीम घेणाऱ्या कलाकारापेक्षा एक-दोन विषय धरून ठेवणारा कलाकार अधिक उपयोगी पडतो, कारण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर त्याच्याकडे असते.

व्यापारी जाहिरात आणि सामाजिक आवाहन यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पाठिंबा देणाऱ्यालाही पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पाठिंब्याच्या व्याख्येत व्यक्तीचे ओळखू येणारे वैशिष्ट्यही धरलेले आहे. तुमचा आवाज लोक ओळखू लागले की तुम्ही निनावी वाचक उरत नाही, म्हणून औषधी दावे, गुंतवणुकीचा परतावा, मुलांची उंची वाढवणारी पावडर अशा संहितांचा पुरावा मागावा. तो मिळाला नाही तर काम नाकारावे. आरोग्याच्या आवाहनाला आवाज दिल्यावर तर हे अधिकच पाळावे लागते.

तुमच्या नेत्रदान मोहिमेच्या करारात आणखी एक अट घालून घ्या, ती सहसा कोणी घालत नाही. आवाहनात दूरध्वनी क्रमांक असतो, संस्थेचे नाव असते, वैद्यकीय सूचना असतात, आणि या तिन्ही गोष्टी काळानुसार बदलतात. ध्वनिमुद्रण मात्र मंडपांत आणि मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत राहते. तेव्हा वापराची मुदत एक वर्ष ठेवावी, नूतनीकरणाच्या वेळी मजकूर नेत्रपेढीकडून पुन्हा तपासून घेण्याची जबाबदारी आयोजकांवर लिहून ठेवावी, आणि दुरुस्त मजकूर विनामोबदला पुन्हा वाचून देण्याची तयारी आपण दाखवावी. ऑगस्टच्या 25 तारखेपासून नेत्रदान पंधरवडा सुरू होतो. नूतनीकरण जुलैत ठेवलेत तर तपासलेले आवाहन त्या पंधरवड्यात वेळेवर हाती असेल.